चौतिसाव्या वर्षी थांबलेला आपला आवाज

एखादा अल्बम पहिल्या ट्रॅकपासून शेवटपर्यंत, मधलं एकही गाणं स्किप न करता, तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? आठवत नसेल तर लाजू नका, माझंही तसंच होतं. गाणं लागलं की पंधरा-वीस सेकंद बघायचं, नाही आवडलं की पुढे ढकलायचं. प्लेलिस्टमध्ये चारशे गाणी, आणि त्यातली निम्मी आपण पूर्ण ऐकलेलीच नाहीत.

कॉलेजमधला माझा एक मित्र दोन वर्षं माझ्या मागे लागला होता. ॲलिस इन चेन्स या बँडचा डर्ट हा अल्बम ऐक, आणि एका बैठकीत ऐक, एवढंच त्याचं म्हणणं. हा अल्बम १९९२ चा, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचा. ऑल्टरनेटिव्ह मेटल म्हणतात त्या प्रकारातलं हे मोठं नाव. तुम्ही मेटल ऐकत नसाल तर थोडक्यात सांगते. यात गिटार मेटलसारखीच जड असते, पण सगळा खेळ वेगाचा आणि किंचाळण्याचा नसतो. मधेच चाल संथ होते, गाण्याला सूर असतो, चालीही नेहमीच्या वाटेने जात नाहीत.

एका रविवारी रात्री दिवा बंद करून, हेडफोन लावून मी तो पहिल्यांदा ऐकला. जवळपास तासाभराचा आहे. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवून लावलेल्या, त्यामुळे सगळ्याच गाण्यांना एक खर्ज आहे. आणि त्यावर दोन आवाज, गायक लेन स्टेलीचा आणि गिटारिस्ट जेरी कँट्रेलचा. ते दोघं एकमेकांना इतके चिकटून गातात की कुठला कुणाचा हे पहिल्यांदा कळतच नाही. आपल्याला गोड वाटावं म्हणून ते गात नाहीयेत, एवढं मात्र लगेच कळतं. नशेच्या विळख्यात सापडलेल्या माणसाचं आतलं सगळं त्यात आहे आणि त्यात ग्लॅमर काहीच नाही.

पण मी एक चूक केली होती. ऐकायच्या आधीच फोनवर लेन स्टेलीबद्दल वाचून ठेवलं होतं. सिएटलचा हा गायक एप्रिल २००२ मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेला, घरात एकटा असताना, आणि जगाला कळायला दोन आठवडे लागले. वय ३४. हे सगळं डोक्यात घेऊन ऐकायला बसल्यामुळे मला प्रत्येक ओळीत त्याचा मृत्यूच ऐकू येत होता. गाणं कमी आणि बातमी जास्त, असं काहीसं झालं. पहिल्यांदा ऐकणं एकदाच मिळतं आणि ते मी असं घालवलं.

आजोबांचा एक प्रश्न

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी आजोबांना हे सगळं सांगत होते. चौतिसाव्या वर्षी माणूस गेला, केवढा आवाज होता, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले की आपल्या नाशिकचाही एक असाच चौतिसाव्या वर्षी गेला, त्याला ऐकलंय का कधी. मला वाटलं ते आपल्या नात्यातल्या कुणाबद्दल बोलताहेत. ते बोलत होते द. वि. पलुस्करांबद्दल.

आता खरं सांगा, हे नाव तुम्हाला माहीत आहे? पलुस्कर हे आडनाव नाशिककरांच्या कानावरून गेलेलं असतंच. पंचवटीत इंद्रकुंडावर पलुस्कर सभागृह आहे. शाळेच्या गॅदरिंगपासून नाटकापर्यंत कशासाठी तरी तुम्ही तिथे नक्की गेला असाल. मीही गेले होते. पण नाव कुणाचं, हे विचारावंसं कधी वाटलं नव्हतं.

त्याचा परिणाम लगेच दिसला. या पानासाठी मी पहिली कॉपी लिहिली तेव्हा वडील आणि मुलगा यांची सरळ सरळ गल्लत केली. जन्म वडिलांचा टाकला, मृत्यू मुलाचा टाकला, आणि माझ्या लेखात एकच पलुस्कर तब्बल ८३ वर्षं जगले. आमच्या पुरवणीच्या टेबलवर ते वेळेत पकडलं गेलं म्हणून वाचले. पण हसून सोडून देण्यासारखं ते नाही. या मुलाच्या बाबतीत हे नेहमीच होत आलंय. वडिलांचं नाव एवढं मोठं की मुलगा त्यात हरवतो. म्हणून आधी वडिलांबद्दल थोडं सांगते.

वडील: गाणं घराबाहेर आणणारा माणूस

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ, पण सांगलीजवळच्या पलूस गावचे म्हणून पलुस्कर. लहानपणी उत्सवात फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी जवळजवळ गेली. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेर घराण्याचं गाणं महाराष्ट्रात रुजवणारे गवई.

त्या काळात गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहायचं, आणि गाऊन पोट भरायचं तर एखादं संस्थान गाठायचं. विष्णु दिगंबरांनी हे मोडलं. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. संगीताची ही शाळा लोकांच्या पैशावर चालणार होती, राजाच्या नव्हे. फी भरून, अभ्यासक्रमाप्रमाणे, कुणीही यावं आणि शिकावं. १९०८ मध्ये मुंबईलाही शाळा निघाली. आज तुमच्या गल्लीत कुणी प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या परीक्षा देत असेल, तर त्या परीक्षांचं मूळ इथे आहे. रघुपति राघव राजाराम ही धून तर सगळ्यांनीच ऐकलीय. तिची चालही त्यांचीच मानली जाते.

पण शाळेच्या इमारतीसाठी काढलेलं कर्ज फिटलं नाही आणि मुंबईची वास्तू लिलावात गेली. विष्णु दिगंबरांचा ओढा तोवर रामनामाकडे वळला होता. नाशिकला पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम उभा केला. पुढचं त्यांचं बरंचसं आयुष्य गोदाकाठी, कीर्तन-प्रवचनात आणि शिष्यांना शिकवण्यात गेलं.

मुलगा: दहाव्या वर्षी पोरका

मे १९२१ मध्ये नाशिकला दत्तात्रेयाचा जन्म झाला. विष्णु दिगंबरांची बरीच मुलं लहानपणीच गेली होती आणि जगला तो हा एकटा. घरात सकाळ-संध्याकाळ गाणं, भजन, शिष्यांची ये-जा. गाणं शिकायचं की नाही, हा प्रश्नच नसणार. पण १९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेला विष्णु दिगंबर गेले. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता.

विचार करा. ज्या माणसाने हजारोंना गाणं शिकता यावं म्हणून शाळा काढली, त्याच्या स्वतःच्या मुलाला मात्र त्याची तालीम दहाव्या वर्षापर्यंतच मिळाली. पण हीच शाळा मुलाच्या कामाला आली. वडिलांनी जे शिष्य तयार केले होते त्यांनीच त्याला वाढवलं. चुलतभाऊ चिंतामणराव पलुस्कर होते. विनायकराव पटवर्धन होते, ज्यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. नारायणराव व्यास होते. मिराशीबुवांकडूनही त्याला तालीम मिळाली. म्हणजे वडिलांचं गाणं मुलाकडे थेट न येता शिष्यांकडून आलं.

यातल्या नारायणराव व्यासांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ते त्या काळातले रेकॉर्ड स्टार होते. त्यांच्या तबकड्या घरोघरी वाजायच्या. पुढे द. वि. पलुस्करांच्या गाण्यात जे दिसतं, त्याचा थोडा तरी धागा इथे असावा असं मला वाटतं.

१९३५ मध्ये पंजाबात जालंधरला हरिवल्लभ संगीत संमेलनात हा मुलगा गायला. हे देशातल्या सगळ्यात जुन्या संगीत संमेलनांपैकी एक. वय होतं १४. आपण त्या वयात नववीची चाचणी परीक्षा देत असतो. तिथून तो मैफलींचा गवई झाला. लोक त्याला बापूराव म्हणू लागले.

तीन-साडेतीन मिनिटांचा राग

१९४४ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. इथे जरा थांबूया, कारण अल्बम ही कल्पनाच तेव्हा आपल्याकडे नव्हती.

तेव्हाची रेकॉर्ड म्हणजे लाखेची जड, ठिसूळ तबकडी. मिनिटाला ७८ फेरे. सुई ठेवली की नेहमीच्या आकाराच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. मग उठायचं, उलटायची, पुन्हा सुई ठेवायची. आणि शास्त्रीय गाण्याची अडचण अशी की मैफलीत एक राग तासभर चालतो. आधी विलंबित ख्याल, सावकाश आलाप, बढत, मग बोल, मग ताना, मग द्रुत चीज. हे सगळं साडेतीन मिनिटांत कसं बसवणार?

बरेच मोठे गवई या तबकडीपुढे गडबडले. एक तर नुसत्याच तानांचा मारा करायचा, नाही तर आलापातच वेळ संपायची. बापूरावांचं तसं होत नाही. त्यांची छोटी रेकॉर्ड ऐकताना ती छोटी आहे असं वाटतच नाही. पहिल्या काही सुरांतच राग कुठला ते कळतं. बंदिशीचे शब्द स्वच्छ लागतात. स्थायी, अंतरा, मधे आलापाची छोटी जागा, मग दाणेदार ताना, आणि पुन्हा मुखडा पकडून समेवर. घाई कुठेच नाही. ग्वाल्हेर घराण्यात बंदीश नीट मांडण्याला मोठं महत्त्व आहे. ती शिस्त त्यांच्याकडे होती, आणि इतर घराण्यांतलं जे आवडलं तेही त्यांनी घेतलं.

आणि आवाज. आजोबांनी तिलक कामोदची रेकॉर्ड त्यांच्या फोनवर लावली. माझे हेडफोन मी फोनला जोडले, एक बाजू त्यांच्या कानाला आणि एक माझ्या. शास्त्रीय गाणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा खरखरीत आवाज, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. हा आवाज तर तरुण निघाला. पातळ, स्वच्छ, गोड, आणि सूर बरोब्बर मधोमध लागणारा. रेकॉर्डची खरखर मागे चालू होती, पण आवाज त्याच्या पुढे उभा होता. गाणारा माणूस तेव्हा माझ्याहून जेमतेम काही वर्षांनी मोठा असेल, हे मला नंतर हिशोब केल्यावर कळलं.

साडेतीन मिनिटांनी गाणं थांबलं तेव्हा मी पुढचं शोधायला बोट उचललं आणि आजोबांनी हात धरला. तेच पुन्हा लावलं. आम्ही ते चार वेळा ऐकलं. चौथ्या वेळी मला सम कुठे येते ते कळलं. रिफ पुन्हा कधी येणार हे मेटल ऐकताना जसं आधीच आपल्या मानेला कळतं ना, अगदी तसंच.

बैजूचा आवाज

तुमच्या घरातल्या मोठ्यांना द. वि. पलुस्कर माहीत असतील ते बहुतेक दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे भजनं. तुलसीदासांचं ठुमक चलत हे त्यांचं भजन अजूनही रेडिओवर लागतं, आणि रामनवमीला तर कुठून तरी कानावर येतंच. रामाची भक्ती घरातच होती, त्यामुळे भजन गाताना ते ख्यालातली करामत मधे आणत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे सिनेमा. १९५२ मध्ये विजय भट्ट यांचा बैजू बावरा आला. संगीत नौशाद यांचं. त्यात अकबराच्या दरबारात तानसेन आणि बैजू यांचा सामना होतो आणि बैजूच्या गाण्याने संगमरवराची शिळा विरघळते. पडद्यावर तानसेन झाले होते सुरेंद्र आणि बैजू झाले होते भारत भूषण. पण या सामन्यातलं गाणं नेहमीच्या पार्श्वगायकांचं नव्हतं. तानसेनासाठी गायले उस्ताद अमीर खाँ आणि बैजूसाठी गायले द. वि. पलुस्कर.

अमीर खाँसाहेब बापूरावांपेक्षा नऊ वर्षांनी मोठे, आवाजाने खोल आणि भारदस्त. समोर हा एकतीस वर्षांचा तरुण. गाणं देसी रागातलं. हे ऐकताना एक गंमत करा. डोळे मिटून दोन आवाज वेगळे काढा. जड, खालून येणारा तो खाँसाहेबांचा. उजळ, टोकदार तो आपल्या नाशिककराचा. दोघं एकमेकांची तान उचलतात, पुढे नेतात, परत देतात. हे ऐकताना मला डर्टमधले ते दोन चिकटलेले आवाज आठवले. तिथे दोघं मिळून एक होतात. इथे दोघं शेवटपर्यंत वेगळे राहतात आणि तरीही गाणं एकच राहतं.

बैजू बावरा खूप चालला. शास्त्रीय गाणं कधी न ऐकणाऱ्या लाखो लोकांच्या कानात हा आवाज गेला. नंतर शापमोचन या बंगाली सिनेमातही ते गायले. पण त्यांनी सिनेमा हा धंदा केला नाही. मैफली, रेडिओ, रेकॉर्ड आणि भजन हेच चालू राहिलं.

१९५५

१९५५ मध्ये भारताचं एक सांस्कृतिक शिष्टमंडळ चीनला गेलं, त्यात बापूराव होते. त्यानंतर थोड्याच काळात, ऑक्टोबर १९५५ मध्ये, मेंदूज्वराने त्यांचा मृत्यू झाला. वय ३४.

यात कुठली नशा नव्हती, की व्यसन नव्हतं. आजारपण आलं आणि माणूस गेला, एवढंच. आमच्या पिढीला चौतिशीत गेलेला कलाकार म्हटलं की लगेच अंधारी खोली आणि बाटल्या दिसतात. प्रत्येक वेळी तशी गोष्ट नसते.

आता जरा हिशोब करू. पंडित भीमसेन जोशी १९२२ चे, म्हणजे बापूरावांपेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान. बापूराव गेले तेव्हा भीमसेनजी ३३ वर्षांचे होते. भीमसेनजींचं जे जे तुम्हाला माहीत आहे, घराघरात पोचलेली संतवाणी, टीव्हीवरचं मिले सूर मेरा तुम्हारा, भारतरत्न, ते सगळं त्यानंतरचं. ते २०११ पर्यंत होते. तुमच्यापैकी काहींनी त्यांना टीव्हीवर प्रत्यक्ष गाताना पाहिलंही असेल. कुमार गंधर्व १९२४ चे, तेही १९९२ पर्यंत गायले.

बापूरावांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. जालंधरपासून धरलं तर वीस वर्षं गाणं, आणि पहिल्या रेकॉर्डपासून धरलं तर फक्त अकरा वर्षं. लाँग प्ले रेकॉर्ड, ज्यावर राग वीस-बावीस मिनिटं सलग गाता येतो, ती आपल्याकडे रुळली ती त्यांच्यानंतर. म्हणजे ज्या माणसाला साडेतीन मिनिटांत एवढं करता येत होतं, त्याला स्टुडिओत बसून सावकाश गायला तबकडीची मोठी बाजू कधी मिळालीच नाही. मैफलींची आणि रेडिओची काही मुद्रणं उरली म्हणून लांब गाणंही थोडंफार ऐकता येतं. ती नंतर लाँग प्लेवर, कॅसेटवर, सीडीवर आली आणि आता फोनवर आहेत.

आणि नाशिकमध्ये? नाशिकमध्ये सभागृह वडिलांच्या नावाचं आहे, ते योग्यच आहे. पण या गावात जन्मलेला हा आवाज आपल्यातल्या किती जणांनी ऐकलाय? मी कॉलेज रोडवर मिसळ खाता खाता आमच्या ग्रुपला विचारलं. आठ जणांत एकीला नाव माहीत होतं, कारण ती गाण्याच्या परीक्षा देते. तिलाही ते विष्णु दिगंबरच वाटत होते. माझ्या कॉपीतले ८३ वर्षांचे पलुस्कर मला तिथे पुन्हा भेटले.

आधी ऐका

डर्ट मी नंतर पुन्हा ऐकला. यावेळी ठरवून, लेन स्टेली कसा गेला हे बाजूला ठेवून. तेव्हा कुठे मला ढोल कुठे थांबतात, दुसरा आवाज कुठे शिरतो, हे ऐकू आलं. तो अल्बम आला तेव्हा लेन स्टेली २५ वर्षांचा जिवंत मुलगा होता. पुढे काय होणार हे त्याला माहीत नव्हतं. आजोबांनाही मी त्यातलं एक गाणं ऐकवलं. दीड मिनिट ऐकून ते म्हणाले की पोरगा सुरात आहे, फक्त फार दुखतंय त्याला. आणि हेडफोन काढून ठेवला. माझ्या मते ते बरोबर होतं.

बापूरावांच्या बाबतीत मी सुदैवी ठरले. तिलक कामोद ऐकताना मला फक्त वय माहीत होतं, बाकी काहीच नाही. म्हणून मला आधी आवाज भेटला आणि आयुष्य नंतर. त्या आवाजात मृत्यूची चाहूलबिहूल काही नाही. एक तरुण माणूस मजेत, मन लावून गातोय, पुढे अजून चाळीस वर्षं गायचंय अशा थाटात.

आता गंमत बघा, हा लेख लिहून मी तुमचं नेमकं तेच नुकसान केलंय जे माझं स्वतःचं केलं होतं. सगळी गोष्ट आधीच सांगून टाकली. त्यावर एकच उपाय आहे. पेपर बाजूला ठेवा, दोन-चार दिवस जाऊ द्या, तारखा विसरा, आणि मग ऐका. लक्षात ठेवायचंच असेल तर एवढंच ठेवा की हा पोरगा आपल्या नाशिकचा आहे.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर...

• तिलक कामोद: रात्री, हेडफोन लावून. छोटी रेकॉर्ड आहे, सलग तीन-चार वेळा ऐका. पहिल्या वेळी फक्त आवाज, दुसऱ्या वेळी शब्द, तिसऱ्या वेळी तबला.

• गौड सारंग: दुपारचा राग. ताना किती मोकळ्या आणि स्वच्छ येतात तिकडे लक्ष द्या.

• श्री: सूर्य मावळतानाचा, गंभीर राग. मेटलमधला संथ, जड मूड आवडणाऱ्यांनी इथून सुरुवात केली तरी चालेल. जमलंच तर संध्याकाळी गोदाघाटावर बसून ऐका.

• बैजू बावरामधली जुगलबंदी: आधी व्हिडिओ न बघता ऐका, दोन आवाज वेगळे काढा, मग बघा.

• शेवटी भजन: घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासोबत. हेडफोनची एक बाजू त्यांना द्या.